पिचरच्या मनगटावरचा धागा

सुमे, मला भीती वाटतेय.

"त्यात नवीन काय, ताई?" हे तू म्हणणारच. आपण दोघी बहिणी एका घरात म्हाताऱ्या झालो आणि घाबरायचं काम माझ्याकडे, न घाबरायचं तुझ्याकडे, अशी कधीतरी वाटणीच होऊन गेली. तापीला पाणी चढलं अशी नुसती बातमी आली की मी गव्हाचे डबे वरच्या फळीवर चढवायला लागायचे. तू खाली उभी राहून म्हणायचीस, "झालं असेल तर आता मलाही उचलून ठेव वर." माझे मालक गेले आणि मी पोराला घेऊन तुझ्या राजपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आले, तेव्हाही मी दारातच थरथरत उभी होते. तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि विचारलंस, "जेवून आलीस की जेवायचंय?" एवढंच. त्या एका प्रश्नावर मी आजवर जगले बघ. आभार मानायचे राहूनच गेले. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "चल, फालतूपणा नको करू."

पण ही भीती पुराची नाही. ही घरात कुणी तोंडातून काढत नाही. मी काढत नाही, सून वैशाली काढत नाही, तनू तर नाहीच नाही. म्हणून तुला लिहिते. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, तुझ्या पुस्तकांना कव्हरं घालता घालता अक्षरं ओळखीची झाली, तेवढ्यावरच चाललंय. चुका दिसतील. शिट्टी वाजवू नकोस.

शाहपूरच्या मॅचपासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय जमत नाही.

शाळेतून रिटायर झालीस तरी तुझा तो अंपायरचा निळा शर्ट काही सुटला नाही. जिल्ह्यात पोरींची बेसबॉलची मॅच असली की तू प्लेटच्या, त्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीच्या मागे, तोंडाला जाळी, खिशात प्लेट झाडायचा छोटा ब्रश. तो ब्रश मी एकदा देव्हाऱ्याची समई घासायला घेतला होता तर केवढी भडकलीस. "ताई, हा माझ्या ड्युटीचा आहे!" मी म्हटलं, मग देवाची ड्युटी कुणी करायची? दोन दिवस अबोला. असं असून आपल्या तनूला तूच पिचर केलंस. माझी नात, पण हात तुझा. गच्चीवर भिंतीला खडूने चौकोन काढून तिच्याकडून बॉल टाकून घ्यायचीस, आणि मी खाली स्वयंपाकघरात प्रत्येक धडाक्याला दचकायचे.

बॉल काय दगडासारखा लागतो, मला ठाऊक आहे. म्हणून मी तिला इच्छापूरला घेऊन गेले, इच्छादेवीच्या पायऱ्या गुडघे धरत धरत चढले आणि पुजाऱ्याकडून लाल धागा बांधून घेतला. कुवारी पोर, म्हणून उजव्या हाताला. लग्न झालेलीला डाव्या, कुवारणीला उजव्या. तुझ्याही उजव्याच हाताला बांधायचा तो पुजारी, केस पांढरे झाले तरी. तो विचारायचा, "बाई, कोणता हात?" आणि तू असा उजवा पुढे करायचीस की जसं काही त्याच्याशी पंजा लढवायचाय.

तर मी माझ्या नियमाने बांधला. आणि तुझा नियम म्हणतो की पिचरच्या टाकणाऱ्या हातावर काही म्हणजे काही नको. घड्याळ नको, रबर नको, पट्टी नको, धागा नको. बॅट धरून उभ्या पोरीचे डोळे बॉलवर पाहिजेत, हातावर काही लाल हललं की नजर तिकडे जाते. तनू उजव्या हाताने टाकते. आपल्या दोघींचे नियम त्या एका एवढ्याशा मनगटावर येऊन बसले, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

छोट्या नियमांवरून आपण कितीदा भांडलो असू! तू ओट्याजवळ उभी राहून माझं लाटणं बॅटसारखं धरून मला समजवायचीस. बेसवर पळणारी पोरगी उभी असेल तर पिचरने दोन्ही हात छातीशी आणून जरा थांबायचं, मगच बॉल सोडायचा. नव्या पोरी थांबत नाहीत, घाई करतात. पुस्तकाप्रमाणे लगेच सजा, पळणारीला पुढचा बेस फुकट. पण तू पहिल्या वेळी सजा द्यायची नाहीस, इनिंग संपली की जवळ जाऊन सांगायचीस.

"का? नियम म्हणजे नियम," मी म्हणायचे.

"अगं, ती बिचारी घाबरून थांबत नाही. कुणाला फसवत थोडीच आहे? पळणारी फसायला लागली की मग देईन ना."

"म्हणजे तुझी मर्जी."

"मर्जी नाही ताई. कुणाचं काय बिघडतंय ते बघायचं असतं."

"आणि ते ठरवणार कोण? तूच ना?"

"मग काय तू ठरवणार? लाटणं घे तुझं, पोळी करपतेय."

असं व्हायचं. पोळीवर येऊन संपायचं.

शाहपूरला त्या दिवशी दुसरे अंपायर आलेच नाहीत. तनूच्या मॅचला तू प्लेटमागे उभी राहायची नाहीस, हा तुझा स्वतःचा कायदा. पण दोन्ही शाळांनी म्हटलं, मॅडम, तुम्हीच उभ्या राहा, तुमच्यावर भरोसा आहे. मी बाहेर कठड्यावर बसले होते, मागे केळीच्या गाड्या भरत होत्या. सगळं बरं चाललं होतं. तनूच्या बॉलला कुणाची बॅट लागत नव्हती. आणि शेवटच्या इनिंगला, ऊन तापलं म्हणून पोरीने बाह्या वर सारल्या, तशी समोरच्या शाळेची कोच चालत तुझ्याकडे आली.

"मॅडम, पिचरच्या हातात धागा आहे."

तू हात वर केलास. खेळ थांबला. तू तनूजवळ गेलीस, गाठ सोडायला गेलीस, सुटेना. घामाने आवळली होती. मग खिशातून चिकटपट्टी कापायची ती छोटी कात्री काढलीस आणि धागा कापलास.

मी कठड्यावरून उठलेच. देवीचा धागा कात्रीने कापत नाहीत, सुमे. तो आपला आपण झिजून पडला की तापीत सोडतात. तू तो खिशात घातलास आणि म्हणालीस, "प्ले."

त्यानंतर तनूचा एकही बॉल जागेवर पडला नाही. हरल्या.

घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि माझा तोल गेला. म्हटलं, देवीचा म्हणून नाही, तुझ्या पुस्तकाने विचारते. इतका वेळ तो धागा तुला दिसला नाही?

तू बुटाची नाडी सोडत होतीस. म्हणालीस, "दिसला होता. सुरुवातीलाच."

"मग सुरुवातीला का नाही बोललीस? एक तर पहिल्यांदा बोलायचं, नाही तर शेवटपर्यंत गप्प बसायचं. ऐन वेळी पोरीचा हात धरायचा, हा कुठला न्याय?"

"कोचने हरकत घेतली. हरकत घेतल्यावर मला गप्प बसता येत नाही, ताई."

"हे मी विचारलंच नाही. आधी का गप्प बसलीस?"

तू बूट कोपऱ्यात सारलास. म्हणालीस, "चहा दे आधी. सांगते."

चहा दिला. तू प्यायलीस. सांगितलं नाहीस. नंतर मी विचारलं नाही, कारण मी रुसले होते आणि मला वाटलं, कुठं जातेय ती. त्याच आठवड्यात एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या तू कलंडलीस. दवाखान्यापर्यंतही राहिली नाहीस.

डॉक्टर म्हणाले, हृदय कधीपासून थकलेलं होतं. गोळ्या तू चुकवायचीस, हे मला माहीत आहे. कपाटामागे सापडल्या त्या गोळ्या, गधडे. तेव्हा कारण काय ते मला कळतं. वेडी नाही मी. पण तू गेल्यावर बायका बसायला आल्या ना, त्यात गल्लीतली एक, नाव घेत नाही, ती डोळे पुसत पुसत म्हणाली, "धागा काटला होता ना हो मॅडमनी? देवीचा?" तनू तेव्हाच पाण्याचा ट्रे घेऊन आत आली होती. ट्रेमधले पेले एकमेकांवर वाजायला लागले. मी ते पेले बघत राहिले. "नाही हो, असं काही नसतं," एवढं म्हणायला पाहिजे होतं मी. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, कारण सुमे, मीही तेच धरून बसले होते. तू कलंडलीस त्या क्षणी मला पहिलं काय दिसलं असेल तर ती कात्री.

त्यानंतर तनूने कुणाला न विचारता उजव्या हाताला देवीचाच नवा धागा बांधला. मग त्यावर आईकडून काळा दोरा बांधून घेतला. मग मैत्रिणीबरोबर जाऊन आणखी एक. आंघोळीलाही काढत नाही, ओले तसेच वागवते. मनगटाला पुरळ उठलंय. आणि बॉलला हात नाही. गच्चीवरचा खडूचा चौकोन आहे तसा आहे.

विभागाच्या संघाची निवड आपल्याच गावात होती, आज, शाळांच्या मॅचमधून. शाळेतून निरोपावर निरोप, की तनू आली नाही तर तिचं हे वर्ष गेलं. वैशाली म्हणाली, "आई, जाऊ द्या ना. नको ते बेसबॉल. एक माणूस गेलं, बास झालं." तिचाही आवाज घाबरलेला. तिला मी काय बोलणार, ती माझ्याच तालमीत तयार झालेली.

तनूला मी विचारलं तर म्हणाली, "खेळेन. पण धागे नाही काढणार."

"धागे असले तर अंपायर टाकू देणार नाहीत, बेटा."

"तो मत दें. नाही खेळणार. आजी प्लीज, तू तर बोलूच नको. तूच बांधला होतास ना? मागच्या वेळी काढला तर काय झालं? आता काढला तर कोण जाईल? तू जाशील?"

मी पदराने तिचं नाक पुसायला गेले तर तिने तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "आणि मावशीआजीने तर पाहिला होता. मॅचच्या आधी ती सगळ्या पिचरचा हात हातात घेते ना, शेकहँड करते, तेव्हाच पाहिला. माझी बाही स्वतः खाली ओढली तिने. माझ्याकडे बघून हसली पण. मग शेवटी सगळ्यांच्या समोर कापला. पहले चलता है, बाद में नहीं चलता? असं कसं आजी?"

तू बाही खाली ओढलीस? सुमे, तू? जिच्या खिशातल्या ब्रशला देवाने हात लावायचा नाही, तिने स्वतःच्या बोटांनी धागा झाकला? त्या रात्री मला झोप नाही. तुझ्यावर राग आला, इतका की फोटोसमोर उभं राहून विचारावं. आणि रागाच्या खाली भीतीच होती.

पण मला उठवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. परवा सकाळी डोळा उघडला तर तनू माझ्यावर वाकलेली. तिने माझ्या नाकासमोर उलटा हात धरला होता. श्वास बघत होती. मी डोळे उघडलेले पाहून म्हणाली, "काही नाही, मच्छर होता."

सोळा वर्षांची पोर. दगडासारखा बॉल हातात घेऊन हसणारी. ती माझ्यासारखी झाली, सुमे. तुझा हात घेतला होता तिने, आणि आता माझं काळीज लागलं तिला. देवीचा कोप होईल ही भीती एकीकडे होतीच, पण हे बघितलं आणि अशी काही भीती वाटली की ती पहिली तिच्यापुढे बारकी झाली. मी अंथरुणातच देवीला म्हटलं, बाई, तुला काय करायचं ते माझं कर. पण ही पोर मी अशी ठेवणार नाही.

आज सकाळी मी तिच्याबरोबर निघाले. वैशाली दारात म्हणाली, "आई, तुम्ही कशाला? तुम्हाला तर बॉलच्या आवाजाने धडधडतं." मी म्हटलं, धडधडू दे. रिक्षात तनू एका कडेला, मी एका कडेला. ती मनगटावर दुसरा हात घट्ट ठेवून बसली होती, जसं कुणी ओढून नेणार आहे. मी मैदानात नुसती बघायला येतेय असं तिला वाटलं. मला स्वतःला तरी कुठं ठाऊक होतं की मी काय करणार.

अंपायर तुझे दिनेश सर होते, नेपानगरचे, ज्यांना तू तयार केलंस. दाढी वाढवलीये त्यांनी. पोरी रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी अगदी तुझ्यासारखा एकेका पिचरचा हात हातात घेतला. मी तारेच्या कुंपणाला धरून उभी. तनूपाशी आले, हात घेतला, आणि थांबले. एक नाही, तीन धागे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. मग काय केलं असेल? तनूचा हात हळूच सोडून दिला आणि पुढे निघाले.

बस. मला तिथे शाहपूर दिसलं. ऊन चढणार, बाह्या वर जाणार, कुणी तरी चालत येणार.

"सर!" मी ओरडले. "सर, तिच्या हातात धागे आहेत."

सगळ्या पोरींनी वळून पाहिलं. दिनेश सर पळतच कुंपणाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "काकू, माहीत आहे. राहू द्या. मॅडमना जाऊन किती दिवस झाले? पोरगी रडेल. कुणी काही बोललं तर बघू नंतर."

"नंतर नाही. नंतर काय होतं ते मी पाहिलंय. आत्ता."

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. म्हणाले, "मॅडमनी मला त्या संध्याकाळी फोन केला होता. शाहपूरच्या मॅचच्या. म्हणाल्या, दिनेश, आज मी चुकले. सुरुवातीला सांगितलं असतं तर एवढीशी गोष्ट होती, शेवटी ती एवढीशी राहिली नाही. मी विचारलं, मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवता, मग तुम्ही का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, धागा माझ्या ताईने बांधलेला होता. मी काढायला सांगितला असता तर ती दिवसभर कठड्यावर जीव मुठीत धरून बसली असती."

मी कुंपणाची तार धरली ती धरलीच. तर हे होतं होय तुझं "चहा दे, सांगते." माझ्या भीतीला घाबरून तू पहिल्यांदा नियम सोडलास. आयुष्यभर कुणाच्या बापाला घाबरली नाहीस आणि मला घाबरलीस. मला हे आधी सांगितलं असतंस ना, तर मी चिडले असते, रडले असते, पण धागा मीच सोडला असता. खरंच सोडला असता का? माहीत नाही गं. आज वाटतं, सोडला असता.

मी फाटकातून आत गेले. साडी धरून, चपला मातीत रुतत होत्या. तनू मला येताना बघून मागे सरकली. "नाही आजी. नाही. प्लीज."

"हात दे."

"आजी, तुला काही झालं तर?"

"होईल तेव्हा होईल. म्हातारी आहे मी. त्याला धाग्याची गरज नाही. हात दे, तनू."

"तुला भीती नाही वाटत?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण ती माझे हात बघत होती, आणि माझे हात लटलट कापत होते. म्हटलं, "वाटते. खूप वाटते. बघ ना. तरी सोडते."

तिने हात दिला. दिला म्हणजे काय, सैल सोडला. कात्री दिनेश सरांच्या खिशात असणारच, पण मी मागितली नाही. केसातला आकडा काढला आणि गाठीत घातला. काळा दोरा पटकन निघाला, मैत्रिणीवालाही. देवीचा निघेना. ओला होऊन होऊन आवळला होता, आणि मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्म्यावर पाणी. मागून कुणी तरी पोरगी म्हणाली, "दादीजी, दांत से खोलो." मी म्हटलं, बाळा, माझे दात घरी ग्लासात आहेत. तेव्हा तनू हसली. जरासं, नाकातून. त्या हसण्यात हात हलला आणि गाठ सुटली.

खाली, टिकली काढल्यावर कपाळावर गोरा डाग राहतो ना, तसं पांढरं मनगट. पुरळ. मी त्यावर फुंकर घातली. दिनेश सर म्हणाले, "थँक यू काकू. चला, आता मैदान सोडा." आणि मी कुंपणाबाहेर आले. ते तीन धागे पदराच्या गाठीत बांधले आणि उभी राहिले, कारण बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं.

मॅच मी पाहिली असं म्हणता येणार नाही. मी तनूला पाहिलं, आणि मध्ये मध्ये आकाशाकडे. पहिला बॉल तिच्या हातून सुटला तो कुठे तरी पार गेला, दुसराही. तिसरा हातमोज्यात जाऊन बसला, धप्प. मग चौथा. बेसवर पळणारी पोर आली तेव्हा तनूने घाई केली, हात छातीशी थांबलेच नाहीत, मलासुद्धा दिसलं. दिनेश सरांनी काही केलं नाही. इनिंग संपल्यावर जवळ जाऊन सांगितलं, दोन हात जोडून दाखवलं, थांब, मग सोड. समोरच्या शाळेच्या पिचरलाही तसंच सांगितलं. मी मनात म्हटलं, बघ सुमे, तुझी मर्जी चाललीये. मग पुढच्या वेळी तनू पुन्हा चुकली आणि पळणारी पोर फसून आउट झाली, तेव्हा मात्र त्यांनी हात वर करून सजा दिलीच, आउट रद्द करून पळणारीला पुढच्या बेसवर पाठवलं. तनूने मान हलवली, चूक झाली अशी. कुणी रडलं नाही. ज्याच्यावरून आपण इतक्या पोळ्या करपवल्या, ते मला आज कळलं. आणि सांगायला तू नाहीस. आता मी कुणाशी वाद घालू?

हरल्या, एका रनने. निवड कुणाची झाली ते दोन दिवसांनी कळेल म्हणे. तनू घामाघूम होऊन आली आणि म्हणाली, "आजी, भूक लागलीये. मावा जिलेबी पाहिजे." धाग्यांचं विचारलं नाही. मी वाट बघत होते की आता हात पुढे करेल, बांध म्हणेल. तिने हात पुढे केला तो पाण्याच्या बाटलीसाठी.

घरी आलो. तिने जिलेबी खाल्ली, आईला मॅच सांगितली, दिनेश सरांची नक्कल केली. वैशाली माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. दोघींच्या तोंडावर एकच प्रश्न, की आता काय होणार? आज, उद्या, परवा. कुठल्या आठवड्यापर्यंत घाबरायचं असतं, सुमे? कुणी सांगत नाही.

मग तनू म्हणाली, "मी झोपते जरा." तू गेल्यापासून ती दार उघडं ठेवून झोपायची, मी दिसेन अशी. आज म्हणाली, "आजी, दार लावून घेऊ का? बाहेर फार आवाज आहे."

मी म्हटलं, "घे."

तिने दार लावलं. आतून कडीही घातली. मी बाहेर वही घेऊन बसले, कारण काही तरी हातात धरायला हवं होतं. ऊन पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं, ते आता अंगणातही नाही. इतका वेळ कुणी झोपतं का, असं मनात येऊन गेलंय, एकदा नाही, सारखं. आतून काही हालचाल नाही. वैशाली दोनदा येऊन दाराकडे बघून गेली. मी तिला खुणेने परत पाठवलं. माझे पाय उठायला बघतात, मी ते खुर्चीखाली दुमडून घेते.

मला फार भीती वाटतेय, सुमे. मी दार वाजवणार नाही.